पेड न्यूज

पेड न्यूज म्हणजे रोख रकमेच्या किंवा अन्य लाभाच्या मोबदल्यात प्रसिद्ध झालेला, परंतु वाचकांसमोर स्वतंत्र बातमी म्हणून ठेवला गेलेला मजकूर होय. भारतात ही संज्ञा प्रामुख्याने निवडणूककाळातील राजकीय वार्तांकनासंदर्भात वापरली जाते. २००९ मधील लोकसभा आणि महाराष्ट्र विधानसभा निवडणुकांनंतर या प्रकारावर देशभर चर्चा झाली. प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया, भारत निवडणूक आयोग, संसदीय स्थायी समिती आणि विधी आयोग या सर्वांनी पुढील काळात त्याची दखल घेतली.

भारतीय कायद्यात पेड न्यूज हा स्वतंत्र गुन्हा नाही. तिची नोंद उमेदवाराच्या निवडणूक खर्चाचा एक भाग म्हणून घेतली जाते. त्यामुळे अशा प्रकरणांत बातमी खरी होती की खोटी, यापेक्षा तिच्यासाठी पैसे कोणी दिले आणि ते हिशेबात दाखवले गेले का, हे प्रश्न केंद्रस्थानी राहतात.

संज्ञा आणि व्याप्ती

प्रेस कौन्सिलच्या व्याख्येनुसार छापील किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमात पैशाच्या अथवा वस्तुरूप मोबदल्यात प्रसिद्ध झालेली कोणतीही बातमी किंवा विश्लेषण पेड न्यूज ठरते. निवडणूक आयोगानेही आपल्या कामकाजासाठी हीच व्याख्या स्वीकारली आहे. मराठीत ‘पैसे घेऊन छापलेली बातमी’ किंवा ‘विकाऊ बातमी’ असेही शब्दप्रयोग आढळतात. तथापि ‘पेड न्यूज’ हीच संज्ञा वृत्तपत्रांत आणि शासकीय पत्रकांत रूढ झाली आहे.

जाहिरात आणि पेड न्यूज यांत मजकुराचा फरक असेलच असे नाही. एखाद्या उमेदवाराची स्तुती करणारा मजकूर ‘जाहिरात’ असा उल्लेख करून छापला, तर वाचक त्याकडे उमेदवाराचे स्वतःचे म्हणणे म्हणून पाहतो. तोच मजकूर वार्ताहराच्या नावाने किंवा ‘विशेष प्रतिनिधी’ अशा ओळीखाली छापला, तर वाचक त्याला वृत्तपत्राचे निरीक्षण समजतो. बातमीची विश्वासार्हता हीच या व्यवहारात विकली जाणारी वस्तू असते. बातमी आणि जाहिरात यांतील भेद स्पष्ट दाखवला जावा, असे प्रेस कौन्सिलचे पत्रकारितेविषयीचे आचारसंकेत सांगतात.

उघड भूमिका आणि छुपा मोबदला

राजकीय भूमिका घेणारे वृत्तपत्र आणि पेड न्यूज छापणारे वृत्तपत्र यांत फरक केला जातो. मराठी वृत्तपत्रसृष्टीत मतपत्रांची परंपरा जुनी आहे. १८८१ मध्ये सुरू झालेले ‘केसरी’ आणि गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये सुरू केलेले ‘सुधारक’ ही दोन्ही पत्रे विशिष्ट मतांच्या पुरस्कारासाठीच चालवली जात. आगरकर आधी ‘केसरी’चे संपादक होते; सामाजिक सुधारणेविषयी टिळकांशी मतभेद झाल्यानंतर ते त्यातून बाहेर पडले. कोणते पत्र कोणत्या बाजूचे आहे, हे वाचकांना ठाऊक असे आणि मजकुराचे वजन त्यानुसार करणे त्यांना शक्य होई.

पेड न्यूजच्या बाबतीत ही शक्यता उरत नाही. पक्षपात कोणत्या बाजूने आहे हे जसे झाकलेले असते, तसेच तो मतामुळे झाला आहे की मोबदल्यामुळे, हेही झाकलेले असते. एकाच वृत्तपत्रात एकाच मतदारसंघातील परस्परविरोधी उमेदवारांची सारखीच स्तुती येऊ शकते, कारण अशा स्तुतीमागे कोणतीही संपादकीय भूमिका नसते.

पार्श्वभूमी

निवडणुकीतील पेड न्यूजपूर्वी मनोरंजन आणि व्यापार क्षेत्रांत सशुल्क मजकुराची पद्धत रुळली होती. टाइम्स ऑफ इंडिया प्रसिद्ध करणाऱ्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने २००३ मध्ये ‘मीडियानेट’ नावाची सेवा सुरू केली. तिच्यामार्फत पुरवणीतील ठरावीक मजकुरासाठी शुल्क आकारले जाई. त्यानंतर याच समूहाने ‘प्रायव्हेट ट्रीटीज’ ही योजना आणली. तिच्यात जाहिरातीच्या जागेच्या बदल्यात कंपन्यांचे समभाग घेतले जात. वृत्तपत्राचे ज्या कंपनीत समभाग आहेत, त्या कंपनीविषयीच्या बातम्या निःपक्षपाती राहतील का, असा प्रश्न यातून उपस्थित झाला. भांडवली बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने २००९ मध्ये प्रेस कौन्सिलला याविषयी लिहिले आणि अशा हितसंबंधांचा खुलासा बंधनकारक करण्याची भूमिका घेतली.

आर्थिक रचनेतही काही कारणे आढळतात. भारतातील बहुतेक दैनिकांच्या अंकाची किंमत छपाई आणि वितरणाच्या खर्चापेक्षा कमी असते. उरलेला भार जाहिरातींच्या उत्पन्नावर पडतो. जिल्हा आणि तालुका पातळीवरील अनेक वार्ताहरांना तुटपुंजे मानधन मिळते आणि जाहिराती मिळवण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच असते. ज्या स्थानिक नेत्याविषयी बातमी लिहायची, त्याच्याकडेच वाढदिवसाची किंवा शुभेच्छांची जाहिरात मागावी लागते. कंत्राटी नेमणुकांमुळे पत्रकारांचे व्यवस्थापनासमोरील स्थान दुबळे झाले, याकडेही या विषयाच्या अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे.

उमेदवाराच्या बाजूने पाहता खर्चमर्यादा हे महत्त्वाचे कारण आहे. २००९ मध्ये महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराला १० लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा होती; २०२२ पासून ही मर्यादा ४० लाख रुपये आहे. उघड जाहिरात या मर्यादेत मोजली जाते. बातमीच्या रूपातील प्रचार हिशेबात दिसत नाही आणि मतदारावर त्याचा प्रभाव जाहिरातीपेक्षा अधिक पडण्याची शक्यता असते.

२००९ च्या निवडणुका

२००९ च्या लोकसभा निवडणुकीनंतर वेगवेगळ्या राज्यांतून तक्रारी पुढे आल्या. आंध्र प्रदेशातील श्रमिक पत्रकारांच्या संघटनेने पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील वृत्तपत्रांची नमुना पाहणी केली. हिंदी दैनिक ‘जनसत्ता’चे संस्थापक-संपादक प्रभाष जोशी यांनी उत्तर भारतातील अनुभवांच्या आधारे या प्रकाराविरुद्ध जाहीर मोहीम चालवली. नोव्हेंबर २००९ मध्ये त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्र विधानसभेसाठी १३ ऑक्टोबर २००९ रोजी मतदान झाले. त्यानंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’ या दैनिकात लेखमाला लिहिली. वृत्तपत्रे आणि वाहिन्या उमेदवारांना ‘कव्हरेज पॅकेज’ देऊ करत होत्या आणि पैसे न देणाऱ्यांच्या प्रचाराला बातम्यांत जागा मिळत नव्हती, असे त्यांनी मांडले. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्याविषयीच्या वृत्तपत्रीय मजकुराचा त्यांनी विशेष अभ्यास केला. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत चव्हाण यांची स्तुती करणारा एकच मजकूर शब्दशः प्रसिद्ध झाल्याचे त्यांनी दाखवले. चव्हाण यांच्यावरील मजकुराची ४७ पूर्ण पाने त्या वेळी त्यांच्या हाती आली होती. चव्हाण यांनी निवडणूक खर्चात वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी दाखवलेली रक्कम ५,३७९ रुपये होती. चव्हाण यांनी पेड न्यूजचा आरोप नाकारला. हा मजकूर छापण्यासाठी आपण पैसे दिले नाहीत, अशी त्यांची भूमिका होती.

प्रेस कौन्सिलचा अहवाल

वाढत्या तक्रारींमुळे प्रेस कौन्सिलने २००९ मध्ये परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या सदस्यांची उपसमिती नेमली. उपसमितीने उमेदवार, पत्रकार, संपादक आणि माध्यमसमूहांचे प्रतिनिधी यांचे म्हणणे ऐकून ७१ पानी अहवाल तयार केला. त्यात संबंधित वृत्तपत्रांची नावे आणि त्यांची उत्तरेही नोंदवली होती. आंध्र प्रदेशातील एका उमेदवाराने वृत्तपत्राला अनुकूल बातम्यांसाठी दिलेली रक्कम आपल्या खर्चाच्या हिशेबात उघडपणे दाखवल्याचे उदाहरण या चौकशीतून पुढे आले. पैशाचा व्यवहार बहुधा रोखीने होत असल्याने थेट कागदोपत्री पुरावा मिळणे दुर्मीळ होते. म्हणून या उदाहरणाला महत्त्व आहे.

जुलै २०१० मध्ये प्रेस कौन्सिलने मूळ अहवालाऐवजी त्याची संक्षिप्त आवृत्ती स्वीकारून प्रसिद्ध केली. वृत्तपत्रांच्या नावांसह असलेला ७१ पानी दस्तऐवज केवळ संदर्भासाठी ठेवण्यात आला. माध्यमांच्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या संस्थेनेच नावे वगळल्याबद्दल तिच्यावर टीका झाली. अखेर २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर संपूर्ण अहवाल खुला झाला.

पेड न्यूजचा समावेश लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील भ्रष्ट आचारांत करावा आणि प्रेस कौन्सिलचे अधिकार वाढवावेत, असे उपाय या प्रक्रियेतून सुचवले गेले. १९७८ च्या कायद्याखाली काम करणारे प्रेस कौन्सिल दोषी वृत्तपत्राची निर्भर्त्सना करू शकते किंवा त्याला समज देऊ शकते. दंड करण्याचा अधिकार त्याला नाही. दूरचित्रवाणी वाहिन्या त्याच्या अधिकारक्षेत्रात येत नाहीत.

निवडणूक आयोगाची कार्यपद्धती

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ नुसार उमेदवाराने स्वतः केलेल्या किंवा संमती दिलेल्या खर्चाचा हिशेब ठेवणे बंधनकारक आहे. निकालानंतर ३० दिवसांत तो हिशेब सादर करावा लागतो (कलम ७८). विहित मुदतीत आणि विहित रीतीने हिशेब न देणाऱ्या व्यक्तीस आयोग कलम १०-क नुसार ३ वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. पेड न्यूजविरुद्धची कारवाई या तीन कलमांच्या आधारे होते.

२०१० पासून आयोगाने यासाठी जिल्हा आणि राज्य पातळीवर समित्या स्थापन केल्या. त्यांना माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती म्हणतात. जिल्हा समिती वृत्तपत्रे आणि वाहिन्यांवर लक्ष ठेवते. संशयास्पद मजकूर आढळल्यास निवडणूक निर्णय अधिकारी प्रसिद्धीपासून ९६ तासांच्या आत उमेदवाराला नोटीस देतो. उमेदवाराने ४८ तासांत उत्तर द्यावयाचे असते. उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास त्या मजकुराचा खर्च शासकीय जाहिरात दरांनुसार काढून उमेदवाराच्या खात्यात मिळवला जातो. या निर्णयाविरुद्ध राज्य समितीकडे आणि त्यानंतर आयोगाकडे दाद मागता येते. प्रत्यक्षात किती रक्कम दिली गेली हे कळत नसल्याने मिळवला जाणारा खर्च मानीव स्वरूपाचा असतो. वृत्तपत्राविरुद्धचे प्रकरण प्रेस कौन्सिलकडे पाठवले जाते.

ओळखण्याच्या खुणा

समित्यांच्या मार्गदर्शनासाठी आयोगाने पेड न्यूजची काही नमुनादाखल लक्षणे दिली आहेत. त्यांपैकी प्रमुख पुढीलप्रमाणे:

• स्पर्धक वृत्तपत्रांत एकाच सुमारास, तेच छायाचित्र आणि तेच शीर्षक असलेला सारखा मजकूर वेगवेगळ्या लेखकांच्या नावांनी प्रसिद्ध होणे.
• एकाच पानावर परस्परविरोधी उमेदवारांची स्तुती करणारे आणि दोघांच्याही विजयाची खात्री देणारे लेख असणे.
• उमेदवाराला समाजातील प्रत्येक घटकाचा पाठिंबा असून त्याचा विजय निश्चित आहे, असे सांगणारी बातमी.
• उमेदवार इतिहास घडवणार अशा आशयाचा ठळक मथळा असणे, मात्र त्याखाली त्याला आधार देणारी कोणतीही बातमी नसणे.
• सर्व बातम्या एकाच ठरावीक आकाराच्या आणि ठरावीक शब्दसंख्येच्या असणे. अशी काटेकोर मापे जाहिरातीत आढळतात, बातमीत क्वचितच.
• एकाच पानावर अनेक प्रकारचे टंक आणि मांडणीच्या भिन्न शैली दिसणे, कारण तयार मजकूर बाहेरून आलेला असतो.

यांतील कोणतेही लक्षण पैसे दिल्याचा थेट पुरावा ठरत नाही. ही सर्व परिस्थितीजन्य चिन्हे आहेत. आळसाने जसेच्या तसे छापलेले पक्षाचे प्रसिद्धिपत्रकही दोन दैनिकांत सारखे दिसू शकते. त्यामुळे समितीला प्रत्येक प्रकरणात उमेदवाराचे म्हणणे ऐकून निर्णय द्यावा लागतो.

प्रमुख प्रकरणे

उमलेश यादव (उत्तर प्रदेश): २००७ मध्ये बिसौली मतदारसंघातून निवडून आलेल्या यादव यांच्या बाजूचा मजकूर मतदानाच्या तोंडावर दोन हिंदी दैनिकांत प्रसिद्ध झाला होता. पराभूत उमेदवाराच्या तक्रारीवरून प्रेस कौन्सिलने तो पेड न्यूज असल्याचे ठरवले. त्यावरील खर्च हिशेबात न दाखवल्यामुळे आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये यादव यांना ३ वर्षांसाठी अपात्र ठरवले. पेड न्यूजच्या कारणाने विद्यमान आमदार अपात्र ठरण्याचे हे पहिले प्रकरण होय.

अशोक चव्हाण (महाराष्ट्र): नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघात चव्हाण यांच्याविरुद्ध लढलेले माधवराव किन्हाळकर आणि इतरांनी आयोगाकडे तक्रार केली. सादर झालेला हिशेब खरा आहे का हे तपासण्याचा आयोगाला अधिकार आहे की केवळ तो वेळेत आला का एवढेच पाहता येते, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०१४ मध्ये न्यायालयाने हिशेबाच्या सत्यतेची चौकशी करण्याचा आयोगाचा अधिकार मान्य केला. जुलै २०१४ मध्ये आयोगाने चव्हाण यांनी हिशेब विहित रीतीने सादर केला नसल्याचा निष्कर्ष काढून त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाची कारवाई रद्द केली.

नरोत्तम मिश्रा (मध्य प्रदेश): दतिया मतदारसंघातील २००८ च्या निवडणुकीसंदर्भात आयोगाने जून २०१७ मध्ये मिश्रा यांना अपात्र ठरवले. त्या वेळी ते राज्यात मंत्री होते. मे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने हा आदेश रद्द केला. निवडणूक आणि खंडपीठाचा निर्णय यांदरम्यान जवळपास दहा वर्षे लोटली होती.

अचूकता आणि पक्षपात

राजकीय वार्तांकनातील दोष साधारणतः दोन कसोट्यांवर तपासले जातात. पहिली कसोटी अचूकतेची: दिलेली नावे, आकडे, तारखा आणि विधाने खरी आहेत का. दुसरी समतोलाची: सर्व बाजूंना न्याय्य स्थान मिळाले आहे का. पेड न्यूज पहिल्या कसोटीवर अनेकदा उत्तीर्ण होते. उमेदवाराची सभा खरोखर झालेली असते, तेथे गर्दी जमलेली असते आणि भाषणातील अवतरणेही बरोबर असतात. त्याच संध्याकाळी झालेल्या प्रतिस्पर्ध्याच्या सभेची बातमी मात्र छापलेली नसते. तथ्यतपासणी प्रसिद्ध झालेल्या विधानांची होते. न छापलेल्या बातमीची तपासणी करण्यासाठी तशी सोपी पद्धत उपलब्ध नाही.

‘विजय निश्चित’, ‘सर्व थरांतून पाठिंबा’, ‘विकासाचा झंझावात’ यांसारखी विधाने खरी किंवा खोटी ठरवता येत नाहीत. ती मत आणि वस्तुस्थिती यांच्या सीमेवर राहतात. म्हणून निव्वळ अचूकतेच्या आधारे पेड न्यूज पकडता येत नाही. वाचकाला मजकुराचे मूल्यमापन करण्यासाठी आणखी एक माहिती लागते: तो कोणाच्या खर्चाने छापला गेला. पेड न्यूजमध्ये नेमकी तीच माहिती दडवलेली असते.

सुधारणांचे प्रस्ताव

पेड न्यूजला निवडणूकविषयक गुन्हा ठरवून किमान २ वर्षांच्या कारावासाची तरतूद करावी, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २०११ मध्ये केंद्र सरकारकडे पाठवला. माहिती तंत्रज्ञानविषयक संसदीय स्थायी समितीने मे २०१३ मध्ये सादर केलेल्या ४७ व्या अहवालात या प्रश्नाचा सविस्तर विचार करून कायदेशीर उपाययोजनेची गरज मांडली. न्या. ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने मार्च २०१५ मधील २५५ व्या अहवालात बातमीसाठी पैसे देणे आणि घेणे या दोन्ही कृतींची कायद्यात व्याख्या करावी व त्यांना निवडणूक गुन्हा मानावे, अशी शिफारस केली. या शिफारशींनुसार लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झालेली नाही.

विद्यमान व्यवस्थेच्या मर्यादा

खर्चाच्या हिशेबावर आधारित व्यवस्थेच्या काही मर्यादा कायद्याच्या रचनेतूनच येतात. हिशेब उमेदवारी अर्ज दाखल केल्यापासून निकालापर्यंतच्या काळाचाच असतो. त्यापूर्वी कित्येक महिने प्रसिद्ध झालेला सशुल्क मजकूर त्यात येत नाही. खर्चमर्यादा उमेदवाराला आहे, राजकीय पक्षाला नाही. त्यामुळे एखाद्या मतदारसंघाचे किंवा उमेदवाराचे नाव न घेता पक्षाची प्रतिमा उंचावणारा मजकूर कोणाच्याच खात्यात मोजला जात नाही. प्रतिस्पर्ध्याची बदनामी करणाऱ्या सशुल्क बातमीचा खर्च कोणाच्या नावावर टाकावा, हेही सिद्ध करणे कठीण असते. पैसे न दिल्यामुळे बातम्यांतून वगळल्या गेलेल्या उमेदवाराचे नुकसान तर खर्चाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

कारवाईचा भार मुख्यतः उमेदवारावर पडतो. पैसे स्वीकारणाऱ्या माध्यमसंस्थेला कायदेशीर शिक्षेची भीती जवळपास नसते. ऑक्टोबर २०१३ मध्ये आयोगाने समाजमाध्यमांवरील प्रचार आणि राजकीय जाहिरातींनाही खर्चाचे व पूर्वप्रमाणीकरणाचे नियम लागू केले. तरीही तेथे मोबदला घेऊन लिहिणारी व्यक्ती आणि स्वेच्छेने लिहिणारा समर्थक यांत भेद करणे वृत्तपत्रापेक्षाही अवघड असते. जिल्हा समित्या आजही प्रत्येक निवडणुकीत दैनिकांची पाने मोजपट्टीने मोजून, त्यांना शासकीय दर लावून संशयित मजकुराचा खर्च ठरवतात.